नववीच्या वर्गाचे रेडिओ केंद्र

आमच्या हायस्कूलच्या स्मरणिकेसाठी शाळेच्या रेडिओविषयी दोन पाने लिहून देण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. संस्थेची अपेक्षा साधी होती. केंद्र कोणी सुरू केले, ॲम्प्लिफायरसाठी मुंबई समितीने देणगी कशी जमवली आणि कोणकोणत्या मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीत ते चालले, एवढे आले म्हणजे पुरे. ती पाने मी वेळेवर दिली आणि ती छापूनही आली. मात्र केंद्राच्या जुन्या नोंदवह्या वाचताना आणि निरनिराळ्या तुकड्यांच्या माजी विद्यार्थ्यांशी बोलताना जो इतिहास हाती लागला, त्यात मुख्याध्यापक आणि देणगीदार फारच थोड्या ठिकाणी भेटतात. केंद्र चालवले ते नववीच्या मुलांनी, आणि नववीतले मूल पुढच्या जूनमध्ये दहावीत जाते. शालान्त परीक्षेचे वर्ष सुरू झाले की आमच्याकडे आईवडील मुलाला अंगणातले आंबेही वेचू देत नाहीत, मग माइकपुढे कोण बसू देणार? ज्या केंद्राचा सगळा कर्मचारीवर्ग दर वर्षी एकाच वेळी निघून जातो, ते केंद्र इतकी वर्षे कसे टिकले, हा मला या इतिहासातला खरा प्रश्न वाटतो. स्मरणिकेत त्याला जागा नव्हती, म्हणून तो येथे मांडत आहे.

गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी आहे. अर्धी वस्ती बंदरावर आणि उरलेली वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर आहे. समुद्रकाठच्या गावांना रेडिओची सवय घाटावरच्या गावांपेक्षा वेगळी असते, कारण मध्यम लहरींचा कार्यक्रम खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा बराच दूर पोहोचतो. त्यामुळे आमच्या घरी १२८७ किलोहर्ट्झवर पणजी, ११४३ वर रत्नागिरी आणि ५५८ वर मुंबईचे ब केंद्र ही तिन्ही एकाच काट्यावर फिरत. पणजीच्या बाजूला कोकणी गाणी, रत्नागिरीला आपल्या बाजूची माणसे आणि मुंबईला कामगारांसाठीचे कार्यक्रम, कारण घरातले कोणी ना कोणी गिरणीत असायचेच. होडीवर जाणारी माणसे मात्र रेडिओ ऐकत ती एकाच गोष्टीसाठी, ती म्हणजे हवामान. मच्छीमारांसाठीची सूचना लागली की पडवीत बसलेली सगळी माणसे गप्प होत.

शाळेच्या केंद्राचा जन्म परिपाठातून झाला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत शिकलेल्या माणसाला परिपाठ समजावून सांगण्याची गरज नाही. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि वर्तमानपत्रातून उतरवून आणलेल्या पाच बातम्या, ज्या आमच्या गावी दुपारच्या एसटीने आदल्या दिवशी आलेल्या अंकातल्या असत. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांत शाळेला ध्वनिक्षेपक मिळाला. मैदानासाठी दोन भोंगे आणि वर्गांसाठी लाकडी खोक्यांतले लहान स्पीकर होते. हेतू एवढाच, की पावसाळ्यात मैदानात उभे राहता येत नाही, तेव्हा परिपाठ वर्गावर्गांत ऐकू यावा. विज्ञानाचे जे शिक्षक ही जोडणी करत होते त्यांनी मुलांना तारा ओढायला घेतले, आणि ज्यांनी तारा ओढल्या त्यांना अर्थातच त्या तारांतून काय जाते यावर आपला हक्क वाटू लागला. मधल्या सुट्टीत वीस मिनिटे मिळावीत, अशी मागणी नववीच्या वर्गाने लेखी केली. ती मान्य झाली, आणि पहिल्याच आठवड्यात मुलांनी ठरवले की या वीस मिनिटांत सुविचार वाचायचा नाही. हा नियम आजतागायत मोडलेला नाही, आणि मला विचाराल तर केंद्राच्या दीर्घायुष्यात त्याचा वाटा मोठा आहे.

येथे कोणी तांत्रिक शंका काढील, की तारेतून येणाऱ्या आवाजाला रेडिओ कसे म्हणायचे? शंका बरोबर आहे. गावातही त्याला कोणी रेडिओ म्हणत नसे, भोंगा म्हणत. परंतु बिनतारी प्रक्षेपण करण्याची मुभा कोणत्याही शाळेला तेव्हा नव्हती. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांच्यामुळे विनापरवाना प्रक्षेपक जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. नुसता रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे आता साठीला पोहोचलेल्यांनाच आठवत असेल. एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी दोघांनी बीएफ ४९४ या ट्रान्झिस्टरचा छोटा एफएम प्रक्षेपक तयार केला. असल्या प्रक्षेपकाच्या जोडणीची आकृती तेव्हा हौशी मासिकांत नेहमी छापून येई. तो टेबलावर ठेवून शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर बोलणे ऐकू येते, एवढे परीक्षकांना दाखवून झाल्यावर सरांनी तो स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. मुलांना राग आला. पुढे बिहारमधल्या मन्सूरपूरच्या राघव महातो याची हकिगत वर्तमानपत्रांत आली, तेव्हा त्या दोघांपैकी एकाने मला मुद्दाम फोन केला होता. राघवने रेडिओ दुरुस्तीच्या टपरीतून पन्नास रुपयांच्या सुट्या भागांचा प्रक्षेपक बनवून बांबूवर अँटेना लावली आणि गावोगाव ऐकले जाणारे केंद्र चालवले. २००६ मध्ये परवाना नसल्याने सरकारने ते बंद केले.

तारेचा मार्ग पत्करल्याने एक गोष्ट मात्र शिकावी लागली. साधा स्पीकर लांब तारेला जोडला तर तारेतच बराच आवाज खर्च होतो आणि शेवटच्या वर्गात कुजबुजही पोहोचत नाही. म्हणून ॲम्प्लिफायरमधून शंभर व्होल्टच्या वाहिनीवर आवाज पाठवायचा, म्हणजे विद्युतप्रवाह कमी राहतो आणि तारेतले नुकसान घटते, आणि प्रत्येक स्पीकरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून तो दाब पुन्हा उतरवायचा. वीज मंडळ गावोगाव वीज नेते ते याच तत्त्वावर. नववीच्या पुस्तकात ओहमचा नियम जितका कोरडा होता तितकाच तो शाळेच्या पडवीत शिडीवर उभे राहून उपयोगी पडत असे. पुढे तार बंदरावरच्या व्यायामशाळेपर्यंत ओढली गेली आणि तेथे तिसरा भोंगा बसला. त्या भोंग्याने केंद्राला शाळेबाहेरचा श्रोता मिळवून दिला. माझ्या मते केंद्र खऱ्या अर्थाने सुरू झाले ते त्या दिवशी, कारण वर्गातल्या मुलाला ऐकणे भाग असते, तर जाळे शिवत बसलेल्या माणसाला तसे काही बंधन नसते.

आता नोंदवहीकडे येते. पहिल्या तुकडीने एक लांब, जाड पुठ्ठ्याची वही घातली आणि तिला पाच रकाने आखले: तारीख, पाळीवर कोण, काय वाजवले, काय बिघडले, कोणाला सांगितले. चौथा रकाना रिकामा ठेवायचा नाही असा दंडक होता. काहीच बिघडले नसेल तर ‘काही नाही’ असे लिहून सही करायची. वरवर कारकुनी वाटणाऱ्या या रकान्यामुळे पुढच्या मुलांना मागच्या मुलांचे सगळे अपघात आयते मिळत गेले. कॅसेट अडकली तर आधी काय काढायचे, माइकच्या तारेतून घरघर आली तर पिनेचा जोड कोठे तपासायचा, भोंगा शिट्टी मारू लागला तर माइक कोणत्या भिंतीकडे वळवायचा, हे कोणत्याही शिक्षकाने शिकवलेले नाही. मध्यंतरी एकदा ॲम्प्लिफायर जळाला आणि दुरुस्तीला गेलेला परत येईपर्यंत केंद्र जाणणारी सगळी मुले शाळेतून गेली. नव्या मुलांनी केंद्र पुन्हा उभे केले ते वहीवरून. त्या वर्षीच्या पानांवरचे अक्षर सुरुवातीला घाबरलेले आहे आणि दिवाळीनंतर आडदांड झालेले आहे.

सुपूर्दगीची रीतही याच वहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीतली मुले शिकाऊ म्हणून येत. त्यांनी आधी तारा गुंडाळायच्या, मग कॅसेटी लावायच्या आणि शेवटी बोलायचे. हा क्रम कोणालाही, अगदी संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवालाही, सुटलेला नाही. वार्षिक परीक्षेच्या आधीचा शेवटचा आठवडा आठवीने एकट्याने चालवायचा आणि नववीने दाराबाहेर उभे राहायचे, आत यायचे नाही. मी दाराबाहेर उभी होते त्या वर्षी आतल्या मुलीने एसटीची वेळ चुकीची सांगितली. ती सुधारण्यासाठी आत धावण्याची अनावर इच्छा दाबून धरणे हे माझ्या शालेय जीवनातले सर्वांत कठीण काम होते. तिने ती दोन मिनिटांत स्वतःच सुधारली. शिक्षकांसाठीही नियम होता: माइकवर यायचे तर केंद्राने बोलावले पाहिजे. मुख्याध्यापकांची सूचना कागदावर लिहून येई आणि ती विद्यार्थीच वाचत असे. या नियमावर शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ कुरबूर झाली असणार, परंतु कोणत्याही मुख्याध्यापकांनी तो रद्द केला नाही, आणि स्मरणिकेत त्यांच्या नावांची यादी आली ती त्यासाठी आली असती तर मला अधिक आवडले असते.

मुली केंद्रावर आल्या त्या थोड्या उशिरा, आणि त्याचे कारण कोणाचा विरोध नसून एसटी होते. सुरुवातीला उद्याचा कार्यक्रम आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ठरवला जाई आणि कॅसेटीवर गाणी व बोलणी एकत्र करण्याचे कामही तेव्हाच चाले. सड्यावरच्या वाड्यांतल्या मुलींना साडेपाचची गाडी चुकवणे शक्य नव्हते, कारण तिच्यानंतर गाडीच नव्हती आणि पाणंदीने अंधारात एकटीने जाण्याची परवानगी कोणत्याही घरात मिळाली नसती. नवव्या इयत्तेतल्या एका मुलीने तयारीची वेळ बदलून ती सकाळी शाळा भरण्यापूर्वी घेण्याचा ठराव मांडला. पहिली गाडी सड्यावरून साडेनऊला येत असे आणि शाळा अकराला भरत असे, म्हणजे दीड तास सहज मिळत होता. ठराव मंजूर झाला आणि पुढच्या वर्षीच पाळीच्या रकान्यात मुलींची नावे अर्ध्याहून अधिक झाली. माझ्या आधीच्या तुकडीची ही गोष्ट आहे, त्यामुळे त्या ठरावाचा मला फायदाच झाला.

भाषेवरून झालेले भांडण मात्र बरीच वर्षे चालले. माइकवर मालवणी बोलायची की नाही? प्रमाण मराठी नीट यावी म्हणूनच हा उपक्रम आहे, असे काही पालकांचे आणि संस्थेतल्या एका जाणत्या गृहस्थांचे मत होते, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हते. बोर्डाचा पेपर मालवणीत लिहिता येत नाही. पण बंदरावरच्या भोंग्याखाली बसणाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. मी पाळीवर असताना बंदरावरचे एक आजोबा थेट प्रयोगशाळेच्या, म्हणजे आमच्या केंद्राच्या, खिडकीशी आले आणि म्हणाले, “अगो चेडवा, तीन नंबरचो बावटो लागलो हा. तुमच्या भोंग्यार सांग मगे.” मी ते वाक्य प्रमाण मराठीत उतरवून, ‘बंदरावर तीन क्रमांकाचा धोक्याचा बावटा लावण्यात आलेला असून’ अशा थाटात वाचू लागले. आजोबा खिडकीतच उभे होते. त्यांनी हात हलवून मला थांबवले आणि म्हणाले, “असा नको. मी सांगलय तसाच सांग.” मी तसेच सांगितले. त्यानंतर बंदराच्या सूचना मालवणीत आणि शाळेच्या सूचना प्रमाण मराठीत अशी वाटणी झाली, ती कोणी ठरावाने केलेली नाही.

या मालवणीच्या दारातूनच केंद्रावर उत्तम माणसे आली. दशावतारात राजाचे काम करणारे नट आले आणि त्यांनी संहिता नसताना रात्रभर संवाद कसे रचतात हे सांगितले. कार्तिकापासून जत्रांमागे जत्रा करत फिरणारी ही मंडळी दुपारी मोकळी असत. फुगड्यांची गाणी म्हणणाऱ्या बायका आल्या आणि माइकपुढे लाजून गप्प झाल्या, तेव्हा एका मुलाने टेपरेकॉर्डर त्यांच्याच खळ्यात नेला आणि भात झोडत असताना ती गाणी मिळवली. देवळातले गाऱ्हाणे घालणाऱ्या गावकाराने ध्वनिमुद्रणाला साफ नकार दिला. गाऱ्हाणे देवाला असते, कॅसेटला नाही, हे त्याचे म्हणणे नोंदवहीत शब्दशः उतरवलेले आहे.

पावसाळ्याबद्दल लिहिल्याशिवाय कोकणातल्या कोणत्याही यंत्राचा इतिहास पुरा होत नाही. जून ते सप्टेंबर हा काळ केंद्राचा शत्रू होता. कौलांवर पाऊस कोसळू लागला की माइकमध्ये दुसरे काही येतच नसे. मुलांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गोधड्या आणि काथ्याच्या गाद्या टांगून एक खोपटे केले, ज्यात एका वेळी एकच मूल मावत असे आणि घामाने निथळून बाहेर येत असे. खारी हवा तांब्याच्या जोडांवर हिरवा थर चढवते, तो खोडरबराने पुसायचा असतो. कॅसेटींवर पांढरी बुरशी येते, म्हणून लाकडी कपाटात एक कमी ताकदीचा बल्ब सतत जळत ठेवायचा. बल्बच्या त्या उबेत एकदा घरमांजरीने पिल्ले घातली होती आणि ती मोठी होईपर्यंत कपाट उघडू नये असा ठराव वहीत आहे. वीज जाणे हा तर रोजचाच प्रश्न होता. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मधली सुट्टी आणि वीज यांची गाठ क्वचितच पडे, आणि याच कोकणात दाभोळला उभा राहिलेला प्रचंड वीजप्रकल्प २००१ पासून काही वर्षे बंद पडून होता, याचा उल्लेख त्या काळच्या मुलांनी उपहासाने कार्यक्रमात केला होता. ॲम्प्लिफायर बारा व्होल्टवरही चालणारा असल्याने एका ट्रकमालक पालकांनी जुनी बॅटरी दिली आणि तेवढ्यावर काम भागले.

या सगळ्या काळात देशातली कायद्याची स्थिती बदलत होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला, आणि त्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्याकडचे नाव आहे. २००२ च्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना छोटे केंद्र चालवण्याची परवानगी देण्याचे धोरण आले, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, २००६ मध्ये हेच दार स्वयंसेवी संस्थांसाठी उघडले आणि २००८ मध्ये साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी महिलांचे केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागले. म्हसवडची बातमी वाचून आमच्या गावातल्या मुंबईकरांना उत्साह आला. पन्नास वॉटचा प्रक्षेपक, तीस मीटरपर्यंत उंच अँटेना, आसपासच्या दहाएक किलोमीटरमधल्या सगळ्या वाड्यांत आणि खाडीपलीकडेही आवाज! आपले केंद्र आता खरे केंद्र व्हावे यासाठी गणपतीच्या दिवसांत, म्हणजे सगळे चाकरमानी गावात असताना, शाळेत सभा झाली.

त्या सभेत मी होते. अर्ज कोठे करायचा, लहरींचे वाटप कोण करते, अँटेनाच्या जागेला कोणाची मंजुरी लागते, हे सगळे एका निवृत्त टपाल अधिकाऱ्यांनी नीट वाचून आणले होते. त्यात दोन कलमे अशी होती की त्यांवरच सभा अडली. पहिले, सामुदायिक केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडी देण्यास मनाई. मग बावटा ही बातमी की सूचना? एसटी बंद आहे हे सांगणे कशात मोडते? बंदरावरचे लोक या प्रश्नावर हसले, पण टपाल अधिकारी हसले नाहीत. दुसरे, परवाना संस्थेच्या नावावर असतो आणि जे प्रक्षेपित होते त्याची जबाबदारी संस्थेवर असते. म्हणजे संस्थेला एक प्रौढ, पगारी व्यवस्थापक नेमावा लागणार, तो प्रत्येक कार्यक्रम आधी ऐकणार, आणि नववीची मुले त्याच्या हाताखाली निवेदक होणार. शेवटी सभेने अर्ज न करण्याचे ठरवले. कारण म्हणून वृत्तांतात ‘निधीअभावी’ असा शब्द आहे, आणि निधी नव्हता हेही खरे आहे. माझ्या मते निर्णय योग्य होता, परंतु निधीमुळे नव्हे. मोठा प्रक्षेपक आला असता तर चौथा रकाना एका नोकराने भरला असता आणि दिवाळीनंतर आठवीच्या मुलांना कोणी दारात उभेही केले नसते.

अमेरिकेत हा प्रयोग आमच्यापेक्षा कितीतरी आधी आणि प्रत्यक्ष लहरींवर झाला आहे, म्हणून तिकडचे थोडे वाचले. पोर्टलंडच्या बेन्सन पॉलिटेक्निक या हायस्कूलचे केबीपीएस हे केंद्र १९२३ पासूनचे आहे, म्हणजे मुंबईत १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू होण्याच्याही आधीचे. इंडियानातल्या न्यू अल्बनीच्या हायस्कूलचे डब्ल्यूएनएएस १९४९ मध्ये एफएमवर आले. तेथील नियामक आयोगाने १९४८ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी अवघ्या दहा वॉटचे परवाने देऊ केले आणि त्यामुळे शाळांना आणि महाविद्यालयांना स्वस्तात केंद्रे काढता आली. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच आयोगाने ठरवले की या दहा वॉटवाल्यांनी शंभर वॉटपर्यंत वाढावे, नाहीतर त्यांच्या जागेचे संरक्षण जाईल. शंभर वॉट म्हणजे खर्च, खर्च म्हणजे मोठ्या माणसांचे नियंत्रण, आणि वाढता येत नसेल तर लहर दुसऱ्याला मोकळी करून देणे. लहान राहण्याचा हक्क कायद्याने लिहून दिलेला नसेल तर तो टिकत नाही. आमच्या तारेला कोणी वाढायला सांगितले नाही, कारण ती कोणाच्या हिशेबातच नव्हती. आपल्या धोरणात शक्तीची फक्त वरची मर्यादा आहे. एका शाळेला आणि एका बंदराला पुरेल अशा पाच वॉटची, अर्ध्या पानाच्या अर्जावर मिळणारी वेगळी पायरी त्यात असावी, असे मला फार वाटते.

मोबाइल आल्यानंतरचा काळ मी थोडक्यात आवरते, कारण त्यात नवे फारसे नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मधल्या सुट्टीचा कार्यक्रम ध्वनिफीत म्हणून व्हॉट्सॲपवर जाऊ लागला. डोंबिवली, नालासोपारा, लालबाग येथे बसलेले चाकरमानी तो संध्याकाळी ऐकू लागले आणि श्रोते वाढले, पण फितीत चूक झाली तर पुन्हा मुद्रित करता येते हे कळल्यावर मुले भित्री झाली. जे दोन मिनिटांत स्वतः सुधारायचे ते आता पुसून टाकता येत होते. नोंदवहीचा चौथा रकाना त्या वर्षांत जवळपास सगळा ‘काही नाही’ असा भरलेला आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

मग २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ऑनलाइन वर्गांसाठी सड्यावर रेंज शोधत बसणारी मुले आमच्या तालुक्यातही होती. त्या पावसाळ्यात कुलूप लागलेल्या शाळेचा ॲम्प्लिफायर उघडण्याची परवानगी काढून काही माजी विद्यार्थ्यांनी बंदरावरच्या भोंग्यावरून आठवीचे धडे वाचले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल मनोरे मुके झाले, आणि तेव्हा बॅटरीवर चालणारी ती जुनी वाहिनी, जेवढी तार शाबूत होती तेवढ्यापुरती, पुन्हा कामाला आली. कोणाच्या घरावर माड पडला, पिण्याचे पाणी कोणत्या विहिरीचे घ्यावे, धान्य कोठे वाटले जाते, एवढेच त्यावरून सांगितले गेले. सांगणारी मुले दहावीला बसलेली होती आणि त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच रद्द झाली होती. केंद्राच्या सगळ्या इतिहासात दहावीची मुले माइकवर असण्याचा हा एकमेव प्रसंग आहे.

सध्याच्या नववीने गेल्या जूनपासून कार्यक्रम पुन्हा थेट सुरू केला आहे. फीत पाठवायची ती थेट कार्यक्रमाची, चुकांसकट, असा त्यांचा ठराव आहे. त्यावर एका पालकांनी हरकत घेतली आहे आणि ती वहीत नोंदवलेली आहे. जुना ॲम्प्लिफायर कपाटात आहे, नवा संगणकाला जोडलेला आहे आणि खोपट्यातल्या गोधड्या बदलल्या आहेत.

एक काम राहिले आहे. केंद्राच्या कॅसेटी वर्षानुवर्षे निरोप समारंभानंतर मुलांच्या दप्तरांतून घरी गेल्या आणि तेथून मुंबईला. दशावतारी नटांच्या मुलाखतींपैकी एक आणि खळ्यातल्या फुगड्यांची निम्मी गाणी अशीच गेली आहेत. ज्यांच्याकडे अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या वाजवून पाहू नयेत. फितीवर पांढरे डाग दिसत असतील तर ती बुरशी असते, ती यंत्राच्या हेडला चिकटते आणि पुढच्या कॅसेटीलाही लागते. फितीमागची स्पंजाची बारीक पट्टी सुटली असेल तर ती गोंदाने चिकटवू नये, फीत दुसऱ्या कवचात बसवता येते. कॅसेट आहे तशी कागदात गुंडाळून, त्यावर तुकडीचे वर्ष लिहून, गणपतीला गावी येताना शाळेत आणून द्यावी. सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळेत प्रयोगशाळेत नववीचे कोणीतरी असते आणि ते पावती देते.